नवे काडतूस आणि जुन्याची सद्दी

अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने २०२४ मध्ये '.२१ शार्प' या नव्या रिमफायर काडतुसाची घोषणा केली आणि एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १८८७ पासून प्रचलित असलेल्या '.२२ लाँग रायफल'पुढे नवे काडतूस टिकाव धरू शकेल काय?

या प्रश्नाचे मर्म रिमफायरच्या रचनेत आहे. त्याच्या बुडाच्या पोकळ कडेत स्फोटक द्रव्य असते आणि कडेवर आघात होताच बार उडतो. ही रचना स्वस्त आहे. परंतु इतर काडतुसांची रिकामी पुंगळी जशी पुन्हा भरता येते, तशी रिमफायरची सहसा भरता येत नाही. साहजिकच बंदूकधारक सर्वस्वी कारखान्यावर अवलंबून राहतो. कारखान्याने हात आखडता घेतला, की चांगली रायफलही निरुपयोगी ठरते.

हा केवळ तर्क नव्हे. १९७० च्या सुमारास रेमिंग्टनने '५ मिमी मॅग्नम' हे वेगवान काडतूस आणले. गुणवत्तेत ते उणे नव्हते. पण त्यासाठी इतर उत्पादकांनी बंदुका फारशा घडविल्या नाहीत. काही वर्षांत रायफलींचे आणि पुढे काडतुसांचेही उत्पादन थांबले. ग्राहकांच्या हाती बंदुका तेवढ्या उरल्या. याउलट २००२ मध्ये आलेले हॉर्नडीचे '.१७ एचएमआर' रुजले. ते १९५९ च्या '.२२ मॅग्नम'ची पुंगळी तोंडाशी निमुळती करून घडविलेले असल्याने उत्पादकांना प्रामुख्याने नळीच बदलावी लागली. शिवाय वेग आणि अचूकता यांतील फरक प्रत्यक्ष जाणवणारा होता.

'.२२'चे बळ वेगात नाही, व्यवस्थेत आहे. स्वस्ताई, असंख्य बंदुका आणि क्रीडानियम हे तिचे आधारस्तंभ होत. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेथे हेच काडतूस नियमाने ठरलेले आहे. हे स्थान केवळ जाहिरातीने हिरावता येणारे नाही.

'.२१ शार्प'ची बाजू मात्र अगदीच लंगडी नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. '.२२'ची गोळी पुंगळीच्या बाह्य व्यासाएवढी असून तिचा मागचा भागच आत बसतो. त्यामुळे शिसेविरहित कठीण धातूची गोळी घडविणे अवघड जाते. '.२१'ची गोळी पुंगळीच्या आत बसणारी आहे आणि पुंगळी मात्र जुन्याच मापाची. म्हणजेच '.१७ एचएमआर'चा धडा येथे गिरविलेला दिसतो.

तरीही नव्याने जुन्याला पदच्युत करावे, ही अपेक्षा अवास्तव होय. जुन्याला जे जमत नाही, तेवढे क्षेत्र त्याने समर्थपणे सांभाळले, तरी पुरे. तेवढ्यासाठीही अनेक उत्पादकांची साथ आणि अखंड पुरवठा हवा. म्हणून ग्राहकाने वेगाच्या आकड्यांना भुलण्यापूर्वी एकच विचारावे: दहा वर्षांनी हे काडतूस दुकानात मिळेल काय? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देऊ शकेल, तेच काडतूस स्पर्धेत उतरले असे म्हणता येईल.