ड्रंक अँड ड्राइव्ह : दंड भरला, तरी लायसन्स लगेच मिळत नाही!

दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा दोषी ठरल्यास १० हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण एवढ्यावर सुटका नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ नुसार ३ महिन्यांसाठी अपात्र ठरवून जमा झालेले लायसन्स उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परत मिळत नाही.

२०२४ मध्ये पुण्यातील पोर्श अपघातानंतर जामिनासाठी घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर लोक संतापले. तो संताप योग्यच. पण म्हणून शिकवण्याची अटच निकामी ठरत नाही. सराईत चालकाला क्लच-गिअर पुन्हा शिकवून काय साधणार? तिथे दारूच्या सवयीवर बोलणारा समुपदेशक हवा. नाहीतर प्रमाणपत्र म्हणजे दंडाचाच दुसरा हप्ता!