कचरा, कंत्राट आणि कष्टकरी

शहरांच्या पर्यावरणाविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. परिसंवाद भरतात, आराखडे तयार होतात, नदीकाठ सुशोभित करण्यासाठी कोट्यवधींच्या निविदा निघतात. परंतु शहर रोज जे टाकून देते त्याचे पुढे काय होते आणि ते कोणाच्या हातून होते, हा प्रश्न विचारल्याखेरीज या चर्चेला अर्थ येत नाही. म्हणूनच पुण्यातील कचरावेचकांच्या प्रयोगाकडे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक पाहावे, असे आम्हाला वाटते.

१९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्या दलित स्त्रियांची. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून आलेली अनेक कुटुंबे त्यांत होती. कचराकुंडीत हात घालून पोट भरणाऱ्या या बायकांना पांढरपेशा समाज चोर समजत असे आणि पोलीस हटकत असत. आपण कामगार आहोत हे समाजाने व महापालिकेने मान्य करावे, ही पंचायतीची मूळ मागणी होती. याच चळवळीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. कुंडीशी वाकणारी बाई आता घराच्या दारात हक्काने उभी राहू लागली.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. दरमहा घरटी ठरावीक शुल्क मिळते आणि सुका कचरा निवडून भंगारात विकण्याचा हक्क वेचकांकडे राहतो. म्हणजे जितका माल पुन्हा वापरात जाईल तितकी त्यांची कमाई वाढते. उलट वजनावर पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराचा लाभ कचरा वाढण्यात असतो. ओला कचरा सुक्यात मिसळला, तरी त्याचे बिल कमी होत नाही. तोच ओला कचरा डेपोत दाबला गेला की हवेविना कुजतो आणि त्यातून तापमानवाढीला हातभार लावणारा मिथेन वायू सुटतो. तो वेगळा ठेवला तर त्याचे खत होते किंवा बायोगॅस मिळतो. पर्यावरणाचे हित आणि श्रमिकाचे हित येथे एकाच दिशेने जाते.

याची दुसरी बाजू उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांना विचारावी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या वेशीवर टाकला गेला, विहिरींचे पाणी नासले आणि अखेर गाड्या अडविण्यासाठी गावकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले. आपली घाण दुबळ्याच्या अंगणात ढकलणे ही शहराची सोय असेल, न्याय खचितच नव्हे.

असे असूनही या प्रयोगाच्या डोक्यावर खासगीकरणाची तलवार टांगलेली असते. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली, तेव्हा दीर्घ मुदतीचा नवा करार तत्काळ झाला नाही. मुदतवाढीच्या आधारावर काम चालू राहिले आणि कचरावेचकांना पुन्हा आंदोलन करावे लागले. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे बंधन घातले होते. कागदावरचे असे बंधन संघटनेच्या बळावाचून अमलात येत नाही, हाच याचा धडा आहे.

मात्र या प्रयोगाचे भाबडे कौतुक करून आपले कर्तव्य संपत नाही. शहराची घाण दलित स्त्रीनेच का वाहावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तिला हातमोजे, दवाखाना आणि म्हातारपणाची तरतूद मिळाली पाहिजे. यंत्रे यावीत, पण ती तिच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावीत. आणि तिच्या मुलीला हा धंदा वारशाने घ्यावा लागू नये. कामाला प्रतिष्ठा देणे आणि जातीने लादलेले काम मोडून काढणे, या दोन्ही लढाया एकाच वेळी लढाव्या लागतील.

साथींनी आपापल्या गावी याची सुरुवात करावी. नगरपालिका लहान असली तरी कचऱ्याचे कंत्राट कोणाला, किती दराने व कोणत्या अटींवर दिले आहे, याची माहिती मागवावी. गावातील वेचक बायकांना एकत्र आणावे. ओल्या कचऱ्याची व्यवस्था वॉर्डातच व्हावी, असा आग्रह सभेत धरावा. आणि आपल्या स्वतःच्या घरातून बाहेर पडणारा कचरा आधी वेगळा करावा. जो कार्यकर्ता हे करणार नाही, त्याच्या भाषणावर त्या बायकांनी विश्वास का ठेवावा?