मसाई पठारावर पोंचो टिकत नाही

आषाढ लागला की पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे निघणाऱ्यांची रीघ लागते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज रातोरात विशाळगडाकडे गेले, ती ही वाट. आज तीच वाट, साधारण पन्नास किलोमीटरची, लोक दोन दिवसांत चालतात. म्हाळुंगे मागे पडलं, चढ संपला की मसाई पठार सुरू होतं, आणि पाठीवरच्या सामानाची खरी परीक्षा तिथे होते.

पठारावर झाड नाही, भिंत नाही. पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो आणि पाऊस वरून पडायचा सोडून आडवा मारतो. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा पोंचो इथे पहिल्या पाच मिनिटांत डोक्यावर उलटा होतो. एका हाताने तो धरायचा, दुसऱ्या हाताने टोपी, आणि पायाखालचा निसरडा दगड दिसतच नाही, कारण पोंचोचा घेर फडफडत समोर आलेला असतो. सॅकचं रेनकव्हर वाऱ्याने फुगतं, इलॅस्टिक सुटतं आणि कव्हर दरीच्या दिशेने जातं. त्या वेळी आत जीन्स घातलेला मुलगा गुडघ्यापासून कमरेपर्यंत भिजलेला असतो. ओली जीन्स जड होते, मांड्यांना घासते आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. तरीही अनेक ट्रेकच्या सामानाच्या यादीत एवढंच लिहिलेलं असतं: रेनकोट किंवा पोंचो. ही यादी बदलायला हवी.

मग महागडं जॅकेट घ्यावं का? पाच आकडी किमतीची, श्वास घेणारी म्हणून विकली जाणारी जॅकेटं आता पुण्या-मुंबईत सहज मिळतात. या कापडाचा शोध १९६९चा. बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यातून गोअर-टेक्स जन्माला आलं. त्याच्या पापुद्र्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. मात्र वाफ बाहेर जाते ती आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तरच. थंड, कोरड्या हवेत हे कापड उत्तम काम करतं. जुलैतल्या सह्याद्रीत हवा पाण्याने काठोकाठ भरलेली असते आणि थंडी म्हणावी इतका गारवाही नसतो. अशा हवेत चढ चढणाऱ्या माणसाचा घाम जाणार कुठे? तासाभराने झिप उघडून बाहीत हात घातला तर आतला अस्तराचा भाग चिकट ओला लागतो. जॅकेट गळलं असं वाटतं. बहुतेक वेळा ते पाणी घामाचं असतं. त्यात वरचा पाणी झटकणारा थर वापराने विरला की कापडाचा बाहेरचा भाग पाणी पितो आणि वाफेची उरलीसुरली वाटही बंद होते.

म्हणून सह्याद्रीत पावसाळी चालीसाठी अंग कोरडं ठेवण्याचा हट्ट सोडावा आणि ऊब राखण्याचा धरावा. तिच्या आड येतं ते ओलं अंग आणि वारा यांचं एकत्र येणं. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने उष्णता ओढून नेतं. त्यावर वारा सुटला की वीस अंश तापमानातही माणूस गारठतो. आधी हुडहुडी, मग बोलणं अडखळणं, मग निर्णय चुकणं. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर धुक्या-पावसात वाट चुकलेल्या गटातल्या एकाचा थंडीनेच जीव गेला. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून गारठून कोणी मरत नाही, हा समज फार महाग पडतो.

पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर करपेवाडी, आंबेवाडीच्या खाचरांत भाताची लावणी चाललेली असते. वाकलेल्या बायकांच्या पाठीवरचं इरलं जरा थांबून पाहावं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पूर्वी पानं असत, आता बहुधा प्लास्टिकचा कागद. डोकं आणि पाठ झाकलेली, पुढची बाजू मोकळी, दोन्ही हात सुटे. पाऊस अडतो आणि काम करणाऱ्या अंगाची वाफ समोरून निघून जाते. धनगराच्या घोंगडीची खोळ भिजते, जड होते, पण लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. ट्रेकरने इरलं घेऊन चढावं असं नाही, पण शिकायचं ते हेच: वारा अडवा, वाफेला वाट द्या.

दुकानातही तेच पाहावं. साधं, हलकं, अंगाबरोबर बसणारं जॅकेट. शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी. काखेत उघडणारी झिप. टोपीला पुढे कडक काठ आणि मागून आवळायची दोरी, म्हणजे मान वळवली की टोपीही वळते. खांद्यावर सॅकचे पट्टे दाबतात, पाणी तिथूनच आधी शिरतं, तेव्हा तिथलं कापड दुहेरी असलं तर उत्तम. आत सुती बनियन नको. चटकन वाळणारा टी-शर्ट आणि पँट. बूट वॉटरप्रूफ घेण्यात अर्थ नाही, कारण ओढा ओलांडताना पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर येत नाही. जाळीचा, चांगल्या पकडीचा बूट बरा. छत्री गावातल्या वाटेवर छान, पठारावर नाही.

सॅकसाठी रेनकव्हरवर विसंबू नये. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून बांधलेलं. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि लोकरी टोपी वेगळ्या पिशवीत, दुहेरी गुंडाळून. हा जोड मुक्कामी पोचल्यावरच उघडायचा. आयोजकांनी पन्हाळ्यावर निघण्याआधी प्रत्येकाच्या सॅकमध्ये तो आहे की नाही हे हात घालून पाहावं, आणि नसेल त्याला पुढे नेऊ नये. दुसऱ्या सकाळी पाऊस तसाच असेल तर कोरडा जोड पुन्हा पिशवीत बांधून कालचेच ओले कपडे चढवायचे. पहिली दहा मिनिटं अंगावर काटा येतो, पुढे चालीने अंग तापतं.