सुरवंटाचे निमित्त, झाडाचा बळी

पावसाळा लागला की गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत सुरवंटांविरुद्ध ओरड सुरू होते. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिसतात, करंजाची कोवळी पालवी पाहता पाहता फस्त होते, आणि मग चिटणीसांकडे अर्ज जातो की, झाडच काढून टाका. केसाळ सुरवंटाने अंगाला सुटणारी खाज खरी आहे. मुलाबाळांच्या घरी ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु या तक्रारीचा शेवट कुऱ्हाडीत व्हावा, हे आम्हांस मान्य नाही.

राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये नागरी भागांत पूर्वपरवानगीवाचून झाड तोडता येत नाही. मात्र झाड मेलेले, रोगट अथवा धोकादायक असेल तर परवानगी मिळू शकते. आणि पाने खाल्ली गेलेले झाड ‘रोगट’ ठरविणे कोणास अवघड आहे? वस्तुतः सशक्त झाड एकदा निष्पर्ण झाल्याने मरत नाही. मुंबईच्या खाडीकाठची तिवरे सागावरच्याच अळीने ओरबाडली जातात व पुन्हा हिरवी होतात. बहाव्यावरील गुळगुळीत हिरव्या अळ्यांची तर फुलपाखरे होतात. त्यांच्यामागे पुन्हा आपलीच मुले धावतात!

विषारी फवाऱ्याचा मोहही आवरला पाहिजे. १९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पानखाऊ पतंगाच्या नायनाटासाठी विमानांतून डी.डी.टी. फवारण्यात आली. पक्षी व मासे मेले, रहिवासी न्यायालयात गेले. पतंग मात्र अमेरिकेत आजही आहे. आपल्याकडे पावशा आणि चातक केसाळ सुरवंट आवडीने खातात. विषाने प्रथम हे मदतनीसच दूर होतील.

शेवग्यावरील सुरवंट दिवसा खोडावर एकत्र बसतात. त्याच वेळी हातमोजे घालून, लांब दांड्याच्या झाडूने ते साबणाच्या पाण्यात पाडले की काम बरेचसे भागते. पलित्याने जाळण्याची जुनी रीत सालीला इजा करते. झाडाची खरी कोंडी निराळीच आहे: बुंध्याला भिडलेले सिमेंट आणि फरसबंदी. पाणी न मिळणारे मूळ नवी पालवी कोठून देणार? पण ते सिमेंट उखडण्याचा अर्ज कोणी करीत नाही.

महापालिकेच्या उद्यान विभागाने सुरवंटांचे कारण दाखविणारे तोडणीचे अर्ज दिवाळीपर्यंत राखून ठेवावेत, आणि निर्णयापूर्वी जाणकार माणूस पाठवून झाडास पालवी फुटली की नाही हे पाहावे.