विश्लेषण : युद्धातील बलात्कार आरोपपत्रातून का निसटतात?

१९९४ मध्ये रवांडात तुत्सींचा नरसंहार झाला. ताबा येथील महापौर जाँ-पॉल अकायेसू याच्यावर टांझानियातील अरुशा येथे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. मात्र मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता.

मग चित्र कसे पालटले?

जानेवारी १९९७ मध्ये एका महिलेने साक्षीच्या ओघात आपल्या लहान मुलीवरील बलात्काराची माहिती दिली. खंडपीठातील एकमेव महिला न्यायाधीश, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले यांनी या मुद्द्यावर साक्षीदारांना नेमके प्रश्न विचारले. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. अकायेसूने स्वतः बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. त्याच्या कार्यालयाच्या आवारातील अत्याचारांना त्याने चिथावणी दिली, असे सिद्ध झाले. २ सप्टेंबर १९९८ रोजी तो दोषी ठरला. बलात्कार हेही नरसंहाराचे कृत्य ठरू शकते, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच मान्य केले.

आज याचे महत्त्व काय?

हा गुन्हा आता रोम करारात स्पष्ट नोंदलेला आहे. तरी ‘पीडिता बोलत नाहीत’ ही सबब कायम आहे. ताबाच्या महिला बोलल्या. तपास अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारले असते, तर आरोपपत्र खटल्याच्या मध्यावर बदलावे लागले नसते.