ओझे उतरवताना मांड्या का धरतात?

हळदीचा हंगाम सुरू झाला की वसमतच्या मोंढ्यातून एक तक्रार हमखास येते. "पोती उतरवली परवा, डॉक्टरसाहेब, आणि मांड्या आज धरल्या." गडी नवा असला की मुकादम हसून म्हणतो, सवय नाही त्याला! मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

स्नायू रबरासारखा आक्रसतो असा आपला समज असतो. तसे नाही. स्नायूच्या प्रत्येक तंतूत जाड व बारीक धाग्यांच्या रांगा एकमेकींत शिरलेल्या असतात. जाड धागे मायोसिनचे, बारीक ॲक्टिनचे. मेंदूचा हुकूम आला की तंतूत कॅल्शियम सुटते, मायोसिनची इवली डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. आडातून पोहरा शेंदताना दोरावर हात चालतात ना, तसेच. दोर आखूड होत नाही, हातही नाहीत. पोहरा मात्र वर येतो. १९५४ साली दोन संशोधक-जोड्यांनी हे एकाच वेळी मांडले. दोन्ही जोड्यांत एकेक हक्सले होते, पण ते एकमेकांचे भाऊबंद नव्हते!

पाठीवर पोते घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरताना मात्र मांडीचा स्नायू जोर लावतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. भरला पोहरा हळूहळू खाली सोडताना हाताला रट्टा बसतो, तशी गत. धाग्यांची पकड ओढाताणीत सुटते, रचना जागोजाग विस्कटते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो.

ही घडी बहुधा आठवड्याभरात पुन्हा बसते, आणि पुढे काही आठवडे तोच स्नायू तेवढा दुखावत नाही. सुरुवातीची ओझी हलकी असली तरी हे संरक्षण बऱ्याच अंशी मिळते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की नव्या गड्याला पहिले आठ दिवस निम्मीच पोती द्यावीत. हमाली पोत्यावर मिळते, तो आपण होऊन थांबणार नाही. तेवढ्या दिवसांची तूट आडत्याने सोसली तर त्याचे दुकान बुडणार नाही.

दुखणे मारण्याच्या गोळ्या खाऊन पुन्हा उन्हात ओझी वाहणे तर फारच वाईट. घामाने अंगातले पाणी गेलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात. आणि फार कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तुटलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरले असण्याची शक्यता असते. तेव्हा मालिश, शेक यांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.