तबकडीवर नसलेली नावे

शास्त्रीय संगीताच्या जुन्या तबकड्या जमवणारी माणसे भेटली की खुशाली विचारण्याच्या आधी एकमेकांना विचारतात, ‘या महिन्यात काय मिळाले?’ ‘काय विकत घेतले?’ असे ते सहसा म्हणत नाहीत. पैसे मोजले तरी वस्तू आधी शोधावी लागते, आणि ती सापडेलच याची हमी नसते. मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, रद्दीवाल्याची वखार, पाडायला काढलेल्या वाड्याचा माळा ही त्यांची नेहमीची ठिकाणे.

आमच्या शहरात अशी दहा-बारा मंडळी आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक दातांचे डॉक्टर, घड्याळे दुरुस्त करणारे एक चाचा, कॉलेजात शिकणारी एक मुलगी. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी ही मंडळी जमतात. रिवाज एकच. नवी खरेदी घेऊन यायची, सर्वांना ऐकवायची आणि तिची माहिती वहीत उतरवायची. मी स्वतः काही जमवत नाही, ऐकायला जाते.

एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘मोबाइलवर हे सगळे फुकट ऐकता येते. मग त्या जड, ओरखडे पडलेल्या थाळ्यांवर पैसा कशाला घालवायचा?’ प्रश्न रास्त आहे. या महिन्याचे पान त्याच्याच उत्तरासाठी.

गेल्या बैठकीत चाचांनी पिशवीतून खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची ओडियन कंपनीची तबकडी काढली. झिंझोटीतली ठुमरी. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण त्यांची कर्मभूमी आपला मुलूख. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, मिरजेत घर केले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचा इंतकाल झाला आणि दफन मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा भरते. त्यांची तबकडी लहानपणी गदगमध्ये ऐकून भीमसेन जोशींना गाण्याची ओढ लागली, ही हकीगत बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणजे एका दुकानात वाजणारी तीन मिनिटांची तबकडी एका मुलाला घराबाहेर काढू शकते. चाचांनी ती तबकडी अडीचशे रुपयांना घेतली. कडेला टवका उडाला आहे, पण गाणे शाबूत आहे.

डॉक्टरांनी उस्ताद अमीर खाँ यांची १९६० सालची एलपी आणली होती. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. दोन्ही तबकड्या पाठोपाठ ऐकल्या की शास्त्रीय गाण्यावर यंत्राने काय केले ते कानालाच कळते. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. रात्र रात्र गाणाऱ्या उस्तादाला तेवढ्यात राग मांडावा लागे. म्हणून आलाप आखूड, लय जरा चढी, आणि तान येते तीही घाईत निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली. अमीर खाँ साहेबांची संथ, एकेका सुरावर थांबणारी गायकी तिच्यात मोकळा श्वास घेते. डॉक्टरांनी मारवा लावला आणि खोलीत कुणी पेला उचलला नाही.

कॉलेजातली मुलगी आग्रेवाली जोहराबाईंच्या जुन्या तबकड्यांवरून केलेली सीडी घेऊन आली. जोहराबाईंचे ध्वनिमुद्रण १९०८ नंतरच्या काही वर्षांतले, आणि १९१३ साली त्या गेल्यासुद्धा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तरी आवाजाचा रुबाब असा की मधली शंभर-सव्वाशे वर्षे गळून पडतात.

आता मुद्द्याकडे येते. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गाणारी व्यक्ती स्वतःचे नाव सांगते. १९०२ साली कोलकात्याच्या एका हॉटेलात फ्रेड गायसबर्ग या साहेबाने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच त्या ठसक्यात इंग्रजीतून सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान.’ ही मिजास नव्हती. मुद्रण इथे होई, पण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला निघत. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे ना राग. गाणाऱ्याचे नाव तबकडीतच असले की लेबल लावताना गफलत होत नसे.

गाणाऱ्याला आपले नाव सांगायची संधी मिळाली. त्याच खोलीत बसून सारंगी वाजवणाऱ्याला मिळाली नाही. तबलजीलाही नाही.

कुठलीही जुनी तबकडी हातात घ्या. मधल्या गोल कागदावर कंपनीचे नाव, गायकाचे नाव, राग, कधी ताल आणि एक क्रमांक एवढेच बहुधा असते. तबकडी गाणाऱ्याच्या नावावर खपे, म्हणून तेवढेच छापले जाई. नाट्यसंगीताचे उदाहरण मराठी घरांना जवळचे आहे. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष होते. जाणकारांनी लिहून ठेवले म्हणून ही नावे आपल्याला माहीत आहेत. ज्यांच्याविषयी कुणी लिहिले नाही असे किती सारंगिये असतील! त्यांतले पुष्कळसे आपल्याच मोहल्ल्यांतले होते. पिढ्यान् पिढ्या सारंगी आणि तबला हाच ज्यांचा पेशा, अशा घरांतले. त्यांचा गज आपण आजही ऐकतो, नाव मात्र सांगता येत नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७७ साली व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. पृथ्वीची ओळख म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. तिच्यात आपल्याकडचे एक गाणे आहे, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. केसरबाई उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शागीर्द. खुद्द अल्लादिया खाँ यांनी कधी ध्वनिमुद्रण करू दिले नाही. कोल्हापूर दरबारच्या त्या गवयाचा आवाज आज कुठल्याच बाजारात मिळणार नाही. तो शागिर्दांच्या गळ्यातूनच ऐकायचा. त्यांच्या शागिर्दाचा आवाज मात्र ताऱ्यांकडे निघाला आहे. पण नासाच्या यादीत नाव आहे ते केसरबाईंचेच. साथ कुणी केली ते तिथेही लिहिलेले नाही.

साधारण दीड वर्षापूर्वी मिरजेकडच्या एक शिक्षिका आमच्या बैठकीला आल्या. सगळे त्यांना आपा म्हणतात. त्यांच्याकडे खरेदी काहीच नव्हती, प्रश्न होता. त्यांचे नाना सारंगी वाजवत. मुंबईला तबकड्या ‘भरायला’ जात, असे त्यांच्या अम्मी सांगतात. घरात सारंगी आहे, तिच्या तारा गेल्या आहेत. नाना कुणामागे वाजवत, कोणत्या कंपनीत, कोणत्या साली, यातले काहीच घरात लिहिलेले नाही. अम्मींना दोनच गोष्टी आठवतात. गाणारी बाई होती, आणि राग पिलू होता.

तेव्हापासून मंडळींच्या खरेदीला एक दिशा आली. त्या काळातली, एखाद्या बाईची, पिलूतली तबकडी दिसली की ती घ्यायचीच. बैठकीत लावायची आणि मिरजेला अम्मींना फोनवर ऐकवायची. पहिल्या चार-पाच वेळा अम्मींनी सांगितले, ‘हे अब्बा नाहीत.’ एकदा तर ‘हा कुणीतरी चांगला वाजवतोय, पण घाई करतोय’ असा शेराही मारला. या पावसाळ्यात चाचांनी एक तबकडी लावली. संपल्यावर पलीकडून काही ऐकू येईना. मग अम्मी म्हणाल्या, ‘पुन्हा लावा.’ दुसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, ‘शेवटी गज असा उचलून घ्यायची त्यांची खोड होती. मी पाच-सहा वर्षांची असेन, समोर बसून बघायचे.’

यावर मंडळींत वाद झाला. निवृत्त गृहस्थ म्हणाले, ऐंशी वर्षांपूर्वीच्या बालपणीच्या आठवणीला पुरावा म्हणता येणार नाही. चाचा म्हणाले, घड्याळाची टिकटिक ऐकून मी कारागिराचा हात ओळखतो, तर मुलीला बापाचा हात ओळखू येणार नाही का? शेवटी वहीत लिहिले ते असे: कंपनी, क्रमांक, राग, गायिका, ‘सारंगी: बहुधा’ आणि पुढे नानांचे नाव, ‘सांगणार: त्यांची मुलगी’ आणि तारीख. ते नाव मी इथे देत नाही, कारण खुद्द अम्मींनीच बजावले आहे की पक्की खात्री झाल्याशिवाय छापायचे नाही. त्यांच्या या सावधगिरीपुढे मला काही बोलता आले नाही.

भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मोबाइलवर गाणे मिळते, पण कुणीतरी चढवलेल्या त्या गाण्याखालची माहिती बऱ्याचदा अर्धी असते, कधी चुकीचीही. तबकडी हातात असली की लेबल वाचता येते. लेबलच्या भोवती, खोबणी संपतात तिथे, कोरलेला बारीक क्रमांक पाहता येतो. तो मुद्रणाचा क्रमांक. त्यावरून एका बैठकीत कोणकोणती गाणी लागोपाठ भरली गेली त्याचा माग लागतो. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची जंत्री तयार केली, ती १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. मुंबईतल्या संग्राहकांनी १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढून अशीच माहिती नियतकालिकातून छापायला सुरुवात केली. ही सारी कामे कुणाच्या ना कुणाच्या खरेदीवर उभी आहेत. एकट्याने कपाटात कोंडलेली तबकडी मात्र असल्या कामाला येत नाही. ती दहा कानांवरून जावी लागते.

आपल्या घरी माळ्यावर, पलंगाखाली अशा तबकड्या असतील तर वजनावर देऊन टाकण्याआधी थोडे थांबा. त्या आडव्या रचू नका, खालच्या तडकतात. ताटे लावतो तशा उभ्या ठेवा. जुन्या काळ्या, जड तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने कधीही पुसू नका. फर्निचरचे पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे आठवले की पुरे. कोरडे मऊ फडके बस्स झाले. एलपीचे खोके फाटले म्हणून फेकू नका. एलपीच्या वेष्टनावर बऱ्याचदा साथीदारांची नावे छापलेली असतात, आणि कधी तो एकमेव कागद असतो. वाजवायला घेतलीत तर वेगाकडे लक्ष द्या. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे ठरला. आरंभीच्या तबकड्या कमी-जास्त वेगाने भरलेल्या आहेत. वेग चुकला की सूर चढतो किंवा उतरतो, आणि भारदस्त बाईचा आवाज पोरीसारखा वाटू लागतो. नक्कल करून इतरांना देण्याबद्दलही अनेक जण विचारतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे असतो, हे ध्यानात ठेवून काय ते ठरवावे.

आणि एक काम तबकड्या नसलेल्या घरांनीही करण्याजोगे आहे. घरातल्या बुजुर्गांना विचारा. कोण वाजवत होते, कुणामागे, कुठे जात होते, राग कोणता, साल कोणते, ते कागदावर लिहा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. ‘बहुधा’ असेल तिथे ‘बहुधा’ असेच लिहा. ती तबकडी कदाचित आत्ता कुणाच्या तरी पिशवीत असेल आणि ऐकणाऱ्याला फक्त एका नावाची गरज असेल. आपा दर रविवारी अम्मींकडून एकेक आठवण टिपून घेतात. अम्मींचे वय अठ्ठ्याऐंशी आहे, म्हणून त्या एकही रविवार चुकवत नाहीत.

पुढच्या महिन्यात भेटूच. खुदा हाफिज.